छंद राहू द्या, रंगाचा डबा बदला

प्लॅस्टिकच्या किटमधील सुटे भाग चिकटवून छोटी घरे, बुरूज उभारावेत, रंगवावेत आणि पटावरच्या खेळात मांडावेत, हा छंद उत्तम. काळजी आहे ती रंगाची. मुले ब्रशचे टोक ओठांत धरून बारीक करतात. रंगात शिसे असल्यास ते पोटात जाते व मेंदूच्या वाढीस बाधा आणते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. वाहनांच्या रंगांना हा नियम नाही. म्हणून गॅरेजमधला उरलेला किंवा माळ्यावरचा जुना डबा पालकांनी मुलांना देऊ नये. थिनरच्या वासाने डोके दुखते, चक्कर येते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.