घाटांत बंद पडणारी फटफटी

घरांतील माणूस वरचेवर आजारी पडूं लागलें म्हणजे आपण वैद्यास प्रथम हें सांगतों कीं, दुखणें केव्हां वाढतें, सकाळीं कीं रात्रीं, जेवणाआधीं कीं जेवणानंतर. फटफटी वरचेवर बंद पडूं लागली म्हणजे मात्र "गाडी बंद पडते" या तीन शब्दांपलीकडे आपण मिस्त्र्यास कांहींच सांगत नाहीं. तो बिचारा एका खेपेस प्लग बदलतो, दुसऱ्या खेपेस कॉइल, तिसऱ्या खेपेस सबंध कार्बोरेटर. आणि एवढा खर्च होऊनहि गाडी होती तशीच राहते. या दुखण्याचें निदान घरच्या अंगणांत कसें करतां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसाच झाला. त्याच्या जागीं पेट्रोल फवारणारी विजेची यंत्रणा आली. परंतु त्यापूर्वीं घेतलेल्या गाड्या कांहीं एका दिवसांत मोडींत निघत नाहींत. बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ घरांचा रोजचा व्यवहार अशाच एखाद्या जुन्या गाडीवर चालतो. समजा, घरांतील सूनबाई बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडील शाळेंत शिकवावयास जातात आणि दिवेलागणीस तोच घाट चढून परत येतात. अंधार पडूं लागला आहे, मागून भरलेला ट्रक येत आहे, आणि ऐन वळणावर गाडी बंद पडली, तर तिला नुसती गैरसोय म्हणून सोडून देतां येणार नाहीं.

कार्बोरेटरचें काम थोडक्यांत समजून घेऊं. पेट्रोल नुसतें जळत नाहीं. वजनानें त्याच्या सुमारें पंधरापट हवा त्यांत मिसळावी लागते. एक लिटर पेट्रोल जळण्यास ढोबळ मानानें नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते, असें म्हटलें म्हणजे या मिश्रणाची कल्पना येईल. ही हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळें खालच्या वाटींतील पेट्रोल वर ओढलें जाऊन त्याचे तुषार होतात. हंगेरींतील दोनात बांकी व यानोश चोंका या दोघांनीं १८९३ सालीं अशा उपकरणाचें पेटंट मागितलें. वाटींतील पेट्रोलची पातळी एक तरंगता फ्लोट राखतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जो तरंगता गोळा असतो, त्याचाच हा धाकटा भाऊ.

आतां महत्त्वाची गोष्ट ही कीं, वाटींतून पेट्रोल वर जाण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. रेस सोडलेली असतांना एका अतिसूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पायलट जेटमधून, पेट्रोल जातें. रेस पुष्कळ दिली म्हणजे मोठ्या छिद्रांतून, म्हणजे मेन जेटमधून. म्हणून राजूरचा घाट हाच आपला उत्तम परीक्षक होय. उतरतांना रेस बंद असते. गाडी गिअरमध्यें आहे तोंवर चाकेंच इंजिनास फिरवीत असल्यानें दोष झांकला जातो. पण वळणावर क्लच दाबला कीं इंजिन मूग गिळून गप्प बसतें. असें झाल्यास पायलट जेट तुंबलें असावें, हवेचा स्क्रू बिघडला असावा किंवा कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड चिरला असावा. उलट, उतारावर गाडी ठीक, पण चढणीवर झटके खात बंद पडते आणि दोन मिनिटें थांबल्यावर पुन्हां सुरू होते, तर वाटींत पेट्रोल पुरेशा वेगानें पोंचत नाहीं असें समजावें. थांबल्या वेळांत वाटी पुन्हां भरते, एवढेंच त्या आपोआप बरें होण्याचें रहस्य.

घाटाच्या वरच्या विरळ हवेमुळें असें होतें, असेंहि कोणी सांगतात. तें येथें लागू नाहीं. बुलढाण्याचें पठार व मलकापूरकडील सपाटी यांच्या उंचींत ढोबळ मानानें ४०० मीटरांचें अंतर आहे; तेवढ्यानें हवा फार तर चार टक्के विरळ होते. सुमारें ३,५०० मीटर उंचीवरील लेहला गाडी नेणाऱ्या तरुणांनीं हवेस दोष द्यावा. राजूर घाट चढणाऱ्यांनीं आपला कार्बोरेटर पाहावा.

आतां तपासणीचा क्रम. गाडी कशी बंद पडते तें प्रथम पाहावें. वाऱ्याच्या झोतानें दिवा जावा तशी एकदम बंद पडली, तर दोष बहुधा विजेचा, म्हणजे प्लग, कॉइल किंवा सैल तारेचा. तेल संपलेल्या समईसारखी फडफडून विझली, तर दोष पेट्रोलचा. नंतर प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक, बहुधा हवेची जाळी धुळीनें कोंदली आहे किंवा चोक ओढलेलाच राहिला आहे. पांढुरकें असेल तर पेट्रोल अपुरें.

गाडी बंद पडतांच टाकीचें झांकण उघडून पाहावें. सूं असा आवाज होऊन हवा आंत गेली व गाडी लगेच सुरू झाली, तर झांकणाचें श्वासछिद्र बुजलें आहे. हा रोग फुकटांत बरा होतो. मग, इंजिन थंड झाल्यावर, टाकीचा नळ बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सोडावा व निघालेलें पेट्रोल कांचेच्या बरणींत घ्यावें. बरणी स्थिर ठेवली असतां तळाशीं पाण्याचा थर किंवा तांबूस गंज दिसला, तर चोर सांपडला.

हा चोर अलीकडे अधिक बळावला आहे. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉल पाण्यास आपलेंसें करतें. पाणी मर्यादेबाहेर झालें म्हणजे दोघें मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशीं बसतात. शिवाय इथेनॉलला जळण्यास वजनाच्या नऊपटच हवा पुरते. त्यामुळें जुन्या मापाच्या जेटमधून तें गेलें म्हणजे मिश्रणांत हवा किंचित् अधिक होते व थंड इंजिन चोकवांचून लवकर धरत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत टाकी रिकामी ठेवूं नये, गाडी महिना दोन महिने उभी राहणार असेल तर वाटी रिती करून ठेवावी, आणि जुन्या रबरी नळ्या ताठर किंवा फुगीर दिसल्यास बदलाव्या.

जेट साफ करावयाचें झाल्यास सुई किंवा तार घालूं नये. पितळेचें तें छिद्र मोजून पाडलेलें असतें. एकदां रुंदावलें कीं तें पूर्ववत् होत नाहीं. बाजारांत मिळणारें कार्बोरेटर साफ करण्याचें द्रावण व पंपाची हवा एवढ्यानेंच काम होतें. प्रत्येक भाग काढतांना मोबाईलवर त्याचें छायाचित्र घ्यावें व स्क्रू परातींत क्रमानें मांडावे. हें काम उघड्या अंगणांत, देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर करावें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते व दूरच्या निरांजनापर्यंतहि पोंचते.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. गाडी एक आणि तिला लागणारे हात चार. काकांनीं सकाळीं स्क्रू अर्धा फेरा फिरविला, पुतण्यानें दुपारीं पुरा फेरा फिरविला, आणि संध्याकाळीं घाटांत गाडी बंद पडली ती तिसऱ्याच्याच हातीं. म्हणून गाडीच्या किल्लीजवळ खिळ्यास एक लहान वही टांगावी. गाडी केव्हां बंद पडली, चढावर कीं उतारावर, थंड असतांना कीं तापल्यावर, कोणी काय बदललें, हें तारीख घालून लिहावें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या व गाडी सुधारली, तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं, आणि रोग उलटला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

दोष सांपडेपर्यंत ती गाडी घाटांत नेऊं नये, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं निक्षून सांगावें. तरीहि वाटेंत बंद पडलीच, तर क्लच दाबून, डाव्या बाजूचा दिवा लावून, गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी. ब्रेक इंजिनावांचूनहि लागतात, म्हणून घाबरूं नये. वळणावर उभें राहून किक मारीत बसूं नये. आणि मिस्त्र्याकडे जातांना ती वही बरोबर न्यावी. चार दिवसांच्या नोंदी पाहून जाणता मिस्त्री नेमका जेथें दोष आहे तेथेंच हात घालील, आणि सूनबाई वेळेवर घरीं पोंचतील.