महासंगणक आणि बांधावरचा पाऊस



सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर शिवारात फिरताना एक प्रश्न वारंवार कानावर आला. "साहेब, पुण्याला शेकडो कोटींचा कॉम्प्युटर बसवलाय म्हणतात, मग आपल्याकडं एवढं पाणी पडणार हे त्याला आधी का नाही कळलं?" प्रश्न रास्त आहे. पैसा जनतेचा आणि लोळलेला ऊस आपला. म्हणून या अंकात खत-बेणे बाजूला ठेवून या महासंगणकाविषयी लिहीत आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस, कॉम्प्युटरचा नव्हे. तेव्हा ऊसवाल्याच्या भाषेतच सांगतो.

महासंगणक म्हणजे एखादे फार अक्कलवान यंत्र, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे काही नाही. ती साध्या संगणकांची भली मोठी टोळी असते. एका कोयत्याला जो फड संपवायला महिना लागेल, तो शंभर कोयते लावले तर दिवसाभरात उरकतो. काम वाटून घ्यायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी करायचे, एवढेच त्याचे मर्म. पण कोयते वाढवले म्हणजे गाळप वाढतेच असे नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. मुकादमाचा ताळमेळ चुकला, वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली, की गव्हाण रिकामी फिरते. महासंगणकातही तेच होते. आकडे एकाकडून दुसऱ्याकडे जायला उशीर लागला की हजारो संगणक नुसते बसून राहतात. तो उशीर टाळणे हीच त्यातली खरी कारागिरी.

जगातल्या अशा यंत्रांची यादी वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरात, जाहीर होते. नोव्हेंबर २०२४ च्या यादीत अमेरिकेचा 'एल कॅपिटन' पहिला आला. एकावर अठरा शून्ये दिल्यावर जी संख्या होते, तिच्या पावणेदोन पट गणिते तो एका सेकंदात करतो. त्याला वीज लागते सुमारे ३० मेगावॅट, म्हणजे एखाद्या मोठ्या कारखान्याचा सहवीजनिर्मिती प्रकल्प त्या एकट्यालाच जुंपावा लागेल. आणि त्याचे मुख्य काम कोणते? अण्वस्त्रांची आकडेमोड. त्यामुळे पहिला नंबर कोणाचा, याचे मला तरी फारसे अप्रूप वाटत नाही. आपल्या पुण्यातही २००७ साली टाटांच्या प्रयोगशाळेतला 'एका' जगात चौथा आला होता. पुढे त्याहून वेगवान यंत्रे आली आणि तो मागे पडला. या शर्यतीत कोणीच फार दिवस पुढे राहत नाही.

पण पुण्याची एक गोष्ट मात्र आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात आपल्याला असे यंत्र हवे होते, तेव्हा अमेरिकेने हात आखडता घेतला. हवामानाच्या कामासाठी एक 'क्रे' यंत्र दिले, तेही कडक अटी घालून. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, आपल्यासारख्याच खेड्यातले. या मंडळींनी १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. ६४ छोटे गणक जोडून तो बनवला होता. एक मोठा बैल कोणी विकत देईना, तर लहान बैलांची जोडणी करून नांगर ओढायचा, असा तो हिशेब.

आता पावसाकडे येतो. इंग्लंडच्या रिचर्डसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२२ साली पुस्तक लिहून दाखवले, की हवामानाचा अंदाज गणिताने काढता येईल. त्याने स्वतः कागदावर सहा तासांचा अंदाज काढून पाहिला. हिशेबाला सहा आठवडे लागले आणि उत्तर आले ते साफ चुकीचे! गणित बरोबर असून उपयोग नाही, ते पाऊस पडायच्या आत सुटले पाहिजे. वेग लागतो तो यासाठी.

पद्धत अशी. पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात वारा, ओल, तापमान पुढे कसे बदलेल याचा हिशेब करतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' बसला, तेव्हा हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथेच 'अर्क' आला. नोएडाचा 'अरुणिका' धरून दोन्हींचा खर्च ८५० कोटी रुपये. त्यानंतर मे २०२५ मध्ये चौकोन ६ किलोमीटरवर आला. निम्मा केला म्हणजे काम दुप्पट झाले असे समजू नका. चौकोनांची संख्या चौपट होते, शिवाय हिशेबही निम्म्या निम्म्या वेळाने करावा लागतो. म्हणजे काम किमान आठपट. 'एल कॅपिटन'चा वेग 'अर्क'च्या सुमारे दीडशे पट आहे, पण 'अर्क' पावसाचा हिशेब करतो. मला विचाराल तर आपला महासंगणक हाच.

तरीसुद्धा ६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ३,६०० हेक्टर, जवळजवळ नऊ हजार एकर. एवढ्या रानाला यंत्र एकच आकडा देते. राजूरला रस्ते वाहतात आणि अन्व्याला फुफाटा उडतो, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. पण एका चौकोनाच्या पोटातही एका बांधापलीकडे कोरडे राहते. ते यंत्राला आज दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लोरेन्झ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ साली कॉम्प्युटरवर हवामानाचे गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी नुसते ०.५०६ घातले. एवढ्याशा फरकाने थोड्या वेळात हवामान साफ निराळे निघाले. म्हणजे सुरुवातीचे माप जेवढे बिनचूक, तेवढाच अंदाज खरा. यंत्र कितीही वेगवान आणा, माप चुकले तर चुकीचे उत्तर फक्त लवकर मिळेल.

आणि माप घेण्यात आपण ढिले आहोत, हे माझे स्पष्ट मत आहे. महसूल मंडळात हवामान केंद्र असते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, म्हणजे पंचनाम्याची भाकरी त्या आकड्यावर. पण आपल्या मंडळाचे केंद्र कोठे आहे, ते झाडाखाली तर नाही ना, हे किती सभासदांनी जाऊन पाहिले? पर्जन्यमापक आजूबाजूच्या अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. तसा नसेल तर तहसीलला लेखी अर्ज द्यावा. नुकसान झाल्यावर ओरडून काय उपयोग?

सरकारलाही एक सांगणे आहे. अंदाजाचे शेतीच्या सल्ल्यात रूपांतर करणारी देशभरातली सुमारे दोनशे जिल्हा कृषि हवामान केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली, आणि त्याच वर्षी ८५० कोटींच्या यंत्रांचे उद्घाटन झाले. यंत्राला माझा विरोध नाही. पण पुण्यातून निघालेला आकडा भोकरदनच्या रानापर्यंत आणणारा माणूसच कमी केला, हे मला पटलेले नाही. मिल मोठी बसवली आणि रस्ता उखडून टाकला, तर ऊस यायचा कसा?

कारखान्याच्या पातळीवर करण्यासारखे आहे, आणि ते स्वस्तात. प्रत्येक गट ऑफिसला एक साधा पर्जन्यमापक बसवावा. चिटबॉयने रोज सकाळी साडेआठला माप वहीत लिहावे. हवामान खात्याची वेळही तीच. शेजारच्या फळ्यावर आदल्या दिवशीचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस, दोन्ही आकडे लिहावेत. आपल्या वहीतले आकडे लगेच पुण्याच्या यंत्रात जाणार नाहीत, हे खरे. पण दोन हंगामांत एवढे कळेल, की आपल्या भागात अंदाजावर कधी विसंबावे आणि कधी नाही.

त्याचा उपयोग तोडणीला आहे. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर काळ्या चिबड रानातले फड पुढे घेऊन मुरमाड रानातले मागे ठेवता येतील. नाहीतर ट्रॅक्टर रुततो, तोडलेला ऊस फडातच वजन आणि साखर गमावतो आणि टोळीच्या कोप्यांत पाणी शिरते. लेकरंबाळं रात्रभर उभी. पाण्यालाही उपयोग आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. वहीत २० मिलिमीटर दिसले तर ठिबकवाल्याने मोटार का लावावी? वाऱ्या-पावसाचा इशारा असताना उंच उसाला पाणी दिले तर तो आडवा होतोच.

पर्जन्यमापकांचा हा विषय शेतकी खात्यामार्फत संचालक मंडळापुढे लेखी ठेवत आहे. ज्यांच्या रानात किंवा वस्तीवर मोकळी जागा असेल आणि रोज साडेआठला माप घ्यायची तयारी असेल, त्यांनी आपली नावे गट ऑफिसात नोंदवावीत.

— ऊस विकास अधिकारी