मंदिराच्या तळ्यातून नदीकडे

आपल्याकडील बहुतेक शिवमंदिरांत नंदीपाठोपाठ दगडी कासवाचे दर्शन घडते. आसामात हा मान जिवंत कासवालाही लाभला आहे. हाजोचे हयग्रीव माधव, गुवाहाटीची उग्रतारा, विश्वनाथ जिल्ह्यातील नागशंकर या देवस्थानांच्या तळ्यांतील कासवांना भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले.

या श्रद्धेचे मोल २००२ साली उमगले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने काळ्या मऊ पाठीचे कासव निसर्गातून नामशेष झाल्याचे त्या वर्षी घोषित केले. एके काळी केवळ चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यापुरती उरली, अशी समजूत असलेली ही जात आसामच्या मंदिरांतही तग धरून होती. पुढे ती ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही आढळली. आज तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

तथापि केवळ अभय देऊन वंश वाढत नाही. कासविणीला अंडी घालण्यासाठी वाळूचा किंवा मऊ मातीचा काठ लागतो; सुशोभीकरणाच्या हौसेपायी आपण तेथे सिमेंट ओततो. भाविक बिस्किटे नि पाव टाकतात; ते कासवाचे नैसर्गिक अन्न नव्हे. म्हणूनच वन विभाग, संशोधक आणि देवस्थाने यांनी एकत्र येऊन अंडी जपली, उबवली आणि पिल्ले पोबितोरा अभयारण्याच्या पाणथळीत सोडली, हे स्वागतार्ह होय. श्रद्धेला शास्त्राची जोड मिळाली ती अशी.

परंतु पिंजऱ्यातील पैदास हे साधन आहे, साध्य नव्हे. गॅलापागोसच्या एस्पान्योला बेटावर अवघी १४ महाकाय कासवे उरली होती. १२ माद्या आणि २ नर. त्यांना पैदास केंद्रात आणले गेले. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आणखी एक नर मिळाला. सुमारे दोन हजार कासवे बेटावर परतली आणि जून २०२० मध्ये ही मूळ पंधराही स्वगृही गेली. हे यश एकट्या पैदास केंद्राचे नाही. बेट उजाड करणाऱ्या शेळ्या १९७८ पर्यंत हटवल्या गेल्या, म्हणून पिल्लांना चारा नि निवारा मिळाला.

आपल्या नद्यांतील 'शेळ्या' कोणत्या, हे सांगायला तज्ज्ञ नको. बेसुमार वाळूउपसा, मासेमारीची जाळी आणि कासवाच्या मांसाचा चोरटा व्यापार यांना आवर घातला नाही, तर उबवणी केंद्रातील पिल्ले आपण मृत्यूच्याच स्वाधीन करू. देवस्थानांनी तळ्याचा एक काठ मातीचा ठेवावा, भाविकांनी पाव टाकण्याचा मोह आवरावा, शासनाने नदीचे वाळवंट राखावे. कूर्माला देव मानणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा अवास्तव ठरू नये.