गाडी सरकारची, चालक दलालाचा!

२०२१-२२ च्या एस. टी. संपात महामंडळाने खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी चालक आणले. संप मिटला, आणि २०२२ सालीच त्यांना घरी बसविले. संपावरचा कुणब्याचा, बदलीचाही कुणब्याचाच. भावाच्या पोटावर भावाचाच पाय!

आमच्या करवीरात शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, रयतेच्या मानगुटीवरचा मध्यस्थ उतरविला. तोच आज एजन्सीचे नाव घेऊन परत बसला आहे.

ठेकेदाराने पगार बुडविल्यास मूळ मालकाने भरावा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले. नव्या श्रमसंहितेनेही कायम ठेविले. तेव्हा बंधूंनो, नेमणुकीचे पत्र हाती पडल्याखेरीज चाक धरू नका, आणि दरमहा पगाराची पावती मागा!