परराष्ट्र खात्याचे उत्तर आणि खानदेशचा प्रश्न

दिनांक २६ जुलै २०२४ रोजी परराष्ट्र व्यवहार राज्यमंत्री कीर्तिवर्धन सिंह यांनी लोकसभेत एका प्रश्नाला लेखी उत्तर दिले. मागील पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचे मृत्यू झाल्याची नोंद आहे, असे त्यात नमूद होते. ही ४१ देशांची बेरीज होती: कॅनडात १७२, अमेरिकेत १०८, ब्रिटनमध्ये ५८, ऑस्ट्रेलियात ५७, रशियात ३७, जर्मनीत २४ आणि उरलेले इतर देशांत. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी हा तक्ता छापला आणि देश पुढच्या बातमीकडे वळला.

खानदेशातील वाचकाला मात्र त्या तक्त्यातील रशियाचा रकाना इतक्या सहजपणे ओलांडता येणार नाही. या उत्तराच्या जेमतेम साडेसात आठवडे आधी, ४ जून २०२४ रोजी, रशियातील वेलिकी नोव्हगोरोद येथे व्होल्खोव्ह नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडून मरण पावले. त्यांत जळगाव जिल्ह्यातील मुले होती. पाण्यात सापडलेल्या एका मुलीला वाचवण्यासाठी इतरांनी नदीत धाव घेतली, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या दिवशी लोकसभा निवडणुकीची मतमोजणी चालू होती आणि साऱ्या देशाचे लक्ष दिल्लीकडे लागले होते.

परराष्ट्र धोरण हा आपला विषय नव्हे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. तो दिल्लीचा, मुत्सद्द्यांचा, करारमदारांचा विषय! परंतु ज्या घरातील मूल परदेशी वसतिगृहात राहते, त्या घरापुरते तरी परराष्ट्र खाते हे तहसील कचेरीइतकेच जवळचे होते. त्या खात्याचे मंत्री संसदेत काय उत्तर देतात, याहीपेक्षा त्यांना काय विचारले जाते, हे आपण बारकाईने पाहिले पाहिजे.

आकडा काय सांगतो?

या ६३३ मृत्यूंपैकी हल्ल्यांत झालेले मृत्यू १९ होते. त्यांतील नऊ कॅनडातील, तर सहा अमेरिकेतील होते. चर्चा प्रामुख्याने या हल्ल्यांची झाली आणि ते स्वाभाविकही आहे. प्रत्येक हल्ला हा त्या देशाला जाब विचारण्याचा विषय आहे. तथापि उरलेल्या ६१४ जणांचे काय? हे मृत्यू अपघात, आजारपण आणि अन्य कारणांनी झालेले आहेत. व्होल्खोव्ह नदीतील मृत्यूंची जातकुळी हीच. येथे शत्रू कोणी नाही. आहे ते अनोळखी पाणी, अनोळखी हवामान आणि घरापासूनचे हजारो किलोमीटरचे अंतर.

कॅनडाचा आकडा सर्वांत मोठा आहे, म्हणून कॅनडा सर्वांत धोकादायक, असा निष्कर्षही घाईचा ठरेल. जेथे विद्यार्थी अधिक, तेथे मृत्यूंची संख्याही अधिक दिसणार. सन २०२४ च्या सरकारी माहितीनुसार तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. म्हणून नुसती बेरीज पुरेशी नाही. कोणत्या देशात, किती विद्यार्थ्यांमागे किती आणि कोणत्या कारणाने, हे कळले तरच त्या संख्येतून पालकांना काही शिकता येईल.

विचारण्याची रीत

संसदेत प्रश्न विचारण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि ते पटलावर ठेवले की संपले. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून द्यावे लागते. त्यावर सदस्य पुरवणी प्रश्न विचारू शकतात आणि खरी परीक्षा तेथेच होते.

याचे उदाहरण त्याच अधिवेशनात घडले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी परराष्ट्र व्यवहार मंत्री एस. जयशंकर यांना प्रश्नोत्तराच्या तासात रशियन सैन्यात भरती झालेल्या भारतीयांविषयी विचारण्यात आले. असे ९१ जण आहेत, त्यांपैकी आठ मरण पावले, १४ जणांची सुटका झाली आणि ६९ जण सुटकेच्या प्रतीक्षेत आहेत, असे त्यांनी सांगितले. अनेक प्रकरणांत या तरुणांची दिशाभूल झाली, हेही त्यांनी मान्य केले. सभागृहात उच्चारलेले असे वाक्य शासनाला बांधून ठेवते. पुढच्या अधिवेशनात त्याचा हिशेब मागता येतो.

विद्यार्थ्यांविषयीचा जुलैमधील प्रश्न केरळच्या खासदाराचा होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. केरळने परदेशस्थ केरळी लोकांसाठी १९९६ सालीच स्वतंत्र खाते स्थापन केले. तेथील घराघरांतून माणूस बाहेर गेला, तसे तेथील लोकप्रतिनिधी विचारायला शिकले. खानदेशातून बाहेर जाणाऱ्यांची वाट आता रुळू लागली आहे. विचारण्याची सवय मात्र अद्याप लागायची आहे.

खानदेशाने काय विचारावे?

पहिला प्रश्न जिल्ह्यांचा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या सुमारे २२,५०० भारतीयांविषयी जयशंकर यांनी संसदेत निवेदन केले, तेव्हा हजाराहून अधिक विद्यार्थी असलेल्या राज्यांत त्यांनी महाराष्ट्राचाही उल्लेख केला होता. म्हणजे राज्यवार माहिती ठेवता येते. मग जळगाव, धुळे, नंदुरबार येथील किती विद्यार्थी कोणत्या देशात आहेत, हे जिल्हाधिकारी कार्यालयास आधीच ठाऊक असण्यास काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न एजंटांचा. सन १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. शिक्षणासाठी मुलांना पाठवणारे मध्यस्थ त्याच्या कक्षेत येत नाहीत. देशातील शासकीय जागा अपुऱ्या, खाजगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेरचे, म्हणून शेतकरी वा शिक्षक बाप रशियाचा मार्ग धरतो. त्याला वाट दाखवणाऱ्यावर कायद्याचा वचक का नसावा?

तिसरा प्रश्न मदतीच्या व्यवस्थेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये नेपाळच्या तनहू जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीकाठी बस कोसळली आणि २७ जण दगावले. त्यांतील बहुतेक जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरू होते. केंद्रीय राज्यमंत्री आणि रावेरच्या खासदार रक्षा खडसे स्वतः नेपाळला गेल्या आणि हवाई दलाच्या विमानाने पार्थिवे जळगावला आली. हे तत्परतेने झाले, याबद्दल कृतज्ञता व्यक्त केलीच पाहिजे. परंतु प्रत्येक कुटुंबाच्या पाठीशी आपल्या मतदारसंघातील मंत्री असेलच असे नाही. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याचे पार्थिव किती दिवसांत घरी येते, खर्च कोण करतो, दूतावासांकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून त्याला मदत कशी मिळते, याचे उत्तर नियमांतून मिळाले पाहिजे. ते ओळखीवर अवलंबून राहू नये.

हे प्रश्न मंत्रिपदावरील खासदार सभागृहात विचारत नाहीत. म्हणून सन २०२४ मध्ये निवडून आलेल्या जळगावच्या स्मिता वाघ आणि धुळ्याच्या डॉ. शोभा बच्छाव यांच्यावर ही जबाबदारी येते. पक्ष भिन्न असले तरी प्रश्न एकच आहे.

वाचकहो, खासदाराला पत्र लिहिण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. प्रश्नाची सूचना अधिवेशनातील ठरलेल्या दिवसाच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा पत्र वेळेवर जावे, एवढेच पथ्य. उत्तरे लोकसभा व राज्यसभेच्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी खुली असतात. आपल्या धर्मग्रामातील वा शेजारातील मूल परदेशी निघाले असेल, तर दूतावासाकडे आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणी झाली आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. तेथील नद्या, रस्ते आणि थंडी यांविषयी चार शब्द बोलावेत. मंत्र्यांनी संसदेत उत्तर द्यावे, ही अपेक्षा रास्तच आहे; पण त्यांना नेमका प्रश्न विचारला जाईल, याची काळजी घेणे हे मतदारांचे काम आहे.