एका मुलासाठी अख्ख्या वर्गाने मास्क का घालावा?

ज्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खच्ची झाली आहे, त्याच्यासाठी वर्गातल्या इतरांनी मास्क घालावा की नाही, यावरून 2021-22 च्या शालेय वर्षात अमेरिकेतले पालक एकमेकांविरुद्ध उभे राहिले. व्हर्जिनिया राज्यातला वाद त्यांत सर्वांत बोलका. गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी 15 जानेवारी 2022 रोजी, पदाची सूत्रे हाती घेतली त्याच दिवशी, शाळेत मास्क घालायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या आईवडिलांनी ठरवावे असा आदेश काढला. महिनाभरात तसा कायदाच झाला. मास्क नको म्हणणाऱ्या पालकाने कारण सांगण्याचीही गरज उरली नाही. त्याविरुद्ध 12 मुलांचे पालक फेडरल न्यायालयात गेले. या मुलांत कोणाला कर्करोग होता, कोणाला सिस्टिक फायब्रोसिस, कोणाला दमा, तर कोणाला डाऊन सिंड्रोम.

अशा मुलाचे दिवस कसे जातात हे पाहिल्याशिवाय वादाचे गांभीर्य कळत नाही. लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर, म्हणजे अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर, साधारण दोन ते अडीच वर्षे उपचार चालतात. पहिले कठीण महिने सरले की मूल बहुधा शाळेत जाऊ लागते. केस परत येतात, दिसायला ते इतरांसारखेच दिसते. पण रोज मर्कॅप्टोप्युरीनची गोळी आणि आठवड्याला मेथोट्रेक्झेट सुरूच असते आणि पांढऱ्या पेशी मुद्दाम कमी ठेवलेल्या असतात. इतर घरांत ताप आला की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहतात. या घरात थर्मामीटर 38 अंशांच्या वर गेला की थेट रुग्णालय गाठायचे आणि शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचे. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या, तर ती बातमीही या आईवडिलांना त्याच दिवशी कळावी लागते.

विरोधी पालकांचा पहिला पक्ष स्वातंत्र्याचा आहे: आमच्या मुलाच्या तोंडावर काय असावे, हे आम्ही ठरवू. हा पक्ष दिसतो तितका भक्कम नाही. शाळेत येण्यासाठी लसीची अट घालता येते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या खटल्यात 1922 सालीच मान्य केले आहे, आणि लस तर अंगात जाते. शिवाय इथे एका पालकाच्या निवडीचा परिणाम दुसऱ्याच्या मुलावर होतो. ज्याचा भार दुसऱ्यावर पडतो, त्या निवडीला निव्वळ खासगी म्हणता येत नाही.

दुसरा पक्ष खरोखर वजनदार आहे: ज्याला धोका आहे त्यानेच चांगला एन-95 घालावा, बाकीच्या पंचवीस मुलांना वेठीला का धरायचे? मोठ्यांच्या बाबतीत हे बरेचसे पटण्याजोगे आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र अडचणी उभ्या राहतात. एन-95 ला प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था लहान मुलांसाठी तसे मास्क प्रमाणित करत नाही. कडा गालाला नीट बसत नाहीत, आणि डबा खाताना तर मास्क काढावाच लागतो. बंद खोलीतल्या हवेत विषाणू किती, हे मुख्यतः श्वास सोडणाऱ्यांवर ठरते. तिथे ओठांपाशीच अडवणूक झाली तर आजारी मुलाच्या मास्कवरचा भार हलका होतो. म्हणजे एकाचा मास्क दुसऱ्याच्या मास्कला पर्याय नसून जोड आहे.

‘मास्कचा उपयोगच नाही’ हा तिसरा पक्ष. त्यासाठी वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या जानेवारी 2023 मधल्या आढाव्याचा हवाला दिला जातो. पण मास्क निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष त्यातून काढणे चूक आहे, पुरावा अनिर्णायक आहे, असा खुलासा कोक्रेनच्या मुख्य संपादकांनीच मार्चमध्ये केला. दुसरीकडे, फेब्रुवारी 2022 नंतर बोस्टन परिसरातल्या ज्या शाळांनी मास्क उठवला, तिथे तो चालू ठेवणाऱ्या शाळांपेक्षा 15 आठवड्यांत दर हजारी सुमारे 45 रुग्ण जास्त आढळले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे तोही शेवटचा शब्द ठरत नाही. तरी मास्क ‘शून्य’ असल्याचा दावा मात्र त्यापुढे टिकत नाही.

मास्कमुळे शिकण्यात अडथळा येतो, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ओठ वाचून समजून घेणाऱ्या कर्णबधिर मुलाला झाकलेला चेहरा म्हणजे बंद दरवाजाच. एकाच वर्गात असे मूल आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेले मूल दोन्ही असतील, तर शिक्षिकेला पारदर्शक खिडकीचा मास्क देणे, बाके हलवणे, अशी जुळवाजुळव करावी लागते, आणि ती दर वेळी जमतेच असे नाही.

‘मग त्याने घरूनच शिकावे’ हा सल्ला ऐकायला मवाळ, परिणामाने सर्वांत कठोर. अपंग मुलांना सरकारी शाळांबाहेर ठेवण्याची जुनी रीत मोडण्यासाठीही अमेरिकेत 1973 चा पुनर्वसन कायदा, 1975 चा शिक्षण कायदा आणि 1990 चा अपंगत्व कायदा आले. वर्गात घेण्याऐवजी घरी स्क्रीन लावून देणे ही त्याच रीतीची नवी आवृत्ती आहे.

या सगळ्या भांडणात मूळ गल्लत एकच: सरसकट सक्ती आणि सरसकट मनाई यांखेरीज तिसरी वाट नाही, असे दोन्ही बाजू धरून चालतात. ती वाट व्हर्जिनियाच्या खटल्यात न्यायाधीश नॉर्मन मून यांनी मार्च 2022 मध्ये दाखवली. राज्यभर मास्क लावा असे त्यांनी म्हटले नाही, आणि राज्याचा कायदाही रद्द केला नाही. त्या 12 मुलांच्या शाळांना, ‘वाजवी सोय’ म्हणून आसपासच्यांच्या मास्कचा विचार करण्यापासून राज्याला अडवता येणार नाही, एवढेच ठरवले. डिसेंबरमध्ये झालेल्या समझोत्यानेही ही शक्यता त्या मुलांसाठी खुली ठेवली. सर्वच न्यायालयांनी अशी वाट धरली नाही. टेक्सासमधल्या अशाच खटल्यात पालकांना दाद मागण्याचा अधिकारच नाही, असे अपील न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले.

‘वाजवी’ या अटीतच मर्यादाही येतात. मुलाच्या डॉक्टरांचे पत्र हवे, सोयीला मुदत हवी, आणि उघडी खिडकी, हवा गाळणारे यंत्र किंवा बसायची जागा बदलून भागत असेल तर मास्क मागायचे कारण नाही. संपूर्ण शाळेला लागू होणारी मागणी सहसा या कसोटीला उतरणार नाही. एका वर्गापुरती, केमो संपेपर्यंतची मागणी उतरू शकते. मुलाचे नाव आणि दुखणे इतर पालकांना न सांगताही हे करता येते, आणि तसेच केले पाहिजे.

भारतातही या प्रश्नाला कायद्याचा आधार आहे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचे कलम 16 शिक्षणसंस्थांवर व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय देण्याचे बंधन घालते. त्याच्या 21 दिव्यांगत्वांच्या यादीत थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, म्हणून विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या सिकलसेलग्रस्त मुलाला हे कलम थेट उपयोगी पडते. कर्करोग त्या यादीत नाही. मात्र लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, वाजवी सोयीचा हक्क ठरावीक टक्क्यांच्या प्रमाणपत्रापुरता मर्यादित नाही, असे म्हटले आहे. केमो घेणाऱ्या मुलाच्या पालकांना शाळेपुढे मांडता येईल असा युक्तिवाद त्यातून निघतो.