समुद्रात तेल सांडलं की ‘किती टन?’ एवढंच विचारून का भागत नाही?

25 मे 2025 रोजी ‘एमएससी एल्सा 3’ हे मालवाहू जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्यानंतर बातम्यांमध्ये दोन आकडे फिरत राहिले. जहाजावर 84.44 टन डिझेल होतं आणि 367.1 टन फर्नेस ऑइल.

दोन्ही आकडे खरे, पण दोन्ही तेलांची समुद्रातली वागणूक वेगळी. डिझेल हलकं असल्यामुळे पसरतं आणि त्यातलं बरंचसं उडून जातं. फर्नेस ऑइल मात्र पाण्याला धरून बसू शकतं. याचं कारण आहे बारीक कण.

बाटलीत तेल आणि पाणी घालून हलवलं, तर थेंब तयार होतात. बाटली खाली ठेवली की ते थेंब एकमेकांत मिसळतात आणि दोन थर पुन्हा वेगळे होतात. पण त्यात पाण्यालाही थोडे आणि तेलालाही थोडे चिकटणारे कण असतील, तर ते बरोबर दोघांच्या सीमेवर जाऊन बसतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण एकदा तिथे बसला की त्याला हलवणं अवघड. रेणूंच्या नेहमीच्या धडपडीतून मिळते त्याच्या लाखो पट ऊर्जा त्यासाठी लागते. प्रत्येक थेंबाभोवती असं कवच तयार झालं की थेंब एकमेकांवर आदळतात, पण एक होत नाहीत.

होमोजिनाइज्ड दुधावर जाड साय धरत नाही, त्यामागेही असंच काहीसं आहे. त्यात स्निग्धांशाच्या बारीक थेंबांवर केसीन या प्रथिनाच्या कणांचा थर बसलेला असतो. हा परिणाम रॅम्सडेन यांनी 1903 मध्ये मांडला आणि पिकरिंग यांनी 1907 मध्ये. नाव मात्र पिकरिंग यांचंच लागलं.

समुद्रात हे घुसळण्याचं काम लाटा करतात. जड तेलातले अ‍ॅस्फाल्टीन हे डांबरासारखे घटक थेंबांभोवती चिवट पापुद्रा धरतात, आणि गाळाचे कण त्याला आणखी बळकटी देतात. त्यातून तपकिरी लगदा तयार होतो, ज्याला ‘चॉकलेट मूस’ म्हणतात. त्यात 70-80 टक्के पाणीच असू शकतं. म्हणजे 100 टन तेलाचा 400 टन लगदा! तो इतका घट्ट होतो की पंप अडतात आणि तवंग फोडणारी रसायनं आत शिरत नाहीत. त्यामुळे सफाईसाठी हातात वेळ थोडाच उरतो, कधी काही तास, कधी एखाद-दोन दिवस.

पावसाळ्यात तर लाटा आणि गाळ, दोन्ही जोरात. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ यांची टक्कर झाली ती याच दिवसांत. सुमारे 800 टन तेल सांडलं आणि ते खारफुटीपर्यंत पोहोचलं. खारफुटीच्या मुळांमधून चिकट तेल काढायला यंत्र आत नेता येत नाही.

गंमत म्हणजे हेच कण कधी मदतही करतात. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून तेल सांडलं तेव्हा अलास्काच्या किनाऱ्यावरच्या अतिबारीक खनिज कणांनी तेलाचे छोटे थेंब वेढले. ते दगडांना चिकटेनासे झाले आणि लाटांनी धुऊन नेले.

पण धुऊन गेलेलं तेल नाहीसं होतंच असं नाही. कणांच्या वजनाने थेंब जड झाले तर ते बुडतात. 2010 च्या ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनेतलं काही तेल असंच मेक्सिकोच्या आखाताच्या तळाशी जाऊन बसलं होतं. उपग्रहाच्या फोटोत तवंग विरळ दिसला, तरी तळाचा गाळ उपसून तपासल्याशिवाय हा हिशोब लागत नाही.